आठ महिने एकच एअरवे किट: काय टिकलं, काय चुकलं

रुग्णवाहिकेवर आठ महिने हेच एअरवे किट, म्हणजे पेशंटचा श्वासमार्ग मोकळा ठेवायचं सामान, वापरतोय. तोंडात घालायच्या नळ्या, नाकातल्या नळ्या, अँबू बॅग (मास्क लावून हाताने पिळत श्वास द्यायची पिशवी) आणि तोंडातली घाण ओढून काढायचं, हाताने चालवायचं सक्शन.

तोंडातली नळी आधी मला सगळ्यांत सोपी वाटायची. अंदाजाने उचलायची, घालायची. घोळ तिथेच व्हायचा. आता दर वेळी गालाशी धरून माप घेतो: ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. मोठ्यांना बहुधा ८०, ९० किंवा १०० मिमी लागते. आखूड नळी जिभेलाच मागे ढकलते. दुसऱ्याच महिन्यात अर्धवट शुद्धीतल्या माणसाला घातली आणि त्याने भडाभडा ओकलं. कुशीवर वळवून तोंड साफ करेपर्यंत माझेच हात थरथरत होते. ओकारीची उबळ येत असेल तर ही नळी नाही, हे पाठ होतं. कळलं त्या दिवशी.

नाकातली नळी मात्र मनात भरली. फिट येऊन दातखिळी बसलेल्या पेशंटला दुसरं काय घालणार? माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, नळी सहज सरकावी म्हणून जेली भरपूर, आणि दिशा सरळ मागे. नवखे हमखास वर ढकलतात, मग नाकातून रक्त येतं. डोक्याला जबर मार असून नाका-कानातून पाणी येत असेल, तर मी तिला हात लावत नाही.

अँबू बॅगेबद्दल तक्रार आहे, पण निम्मी माझ्याबद्दलच. मोठ्यांच्या बॅगेत सुमारे दीड लिटर हवा मावते, लागते फक्त ५०० ते ६०० मिली. घाईत मी पूर्ण पिळायचो. जादा हवा पोटात जाते, पोट फुगतं, पुन्हा उलटी. नाडी आहे पण श्वास नाही, अशा मोठ्या माणसाला सहा सेकंदांनी एकदा, छाती जरा उठेल इतकंच. दाढीवाल्यांच्या चेहऱ्यावर मास्क बसत नाही. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा पुढे ओढायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची, हे जमलं की फरक लगेच दिसतो. मास्कच्या कडेची हवा महिन्याभरात उतरते, ती तपासावी लागते.

सक्शन ठीकठाक. घट्ट ओकारीत तुंबतं, तेव्हा कुशीवर वळवणंच कामी येतं. जेलीची पाकिटं किटमध्ये दोनच येतात. मी जादा चार नाकातल्या नळ्यांनाच चिकटपट्टीने बांधून ठेवलीत.