पिकलबॉलचा बेसिक कोर्स केला, कसा वाटला
पिकलबॉल म्हणजे छोट्या कोर्टवर पॅडलने खेळायचा टेनिससारखा खेळ, त्याचा ८ सेशनचा बिगिनर कोर्स नुकताच संपला, पहिल्या दोन दिवसांत वाटलं होतं की हे काय नुसतं डिंकच (नेटजवळून हळूच पलीकडे टाकायचा शॉट) मारायला लावतायत, पण खरी मेख तिथेच आहे. नेट मधोमध ३४ इंच आणि कडेला ३६, म्हणून डिंक मधूनच काढायचा आणि मनगट न झटकता खांद्यातून पॅडल उचलायचं, हे कोचनी इतकं घोटून घेतलं की आता बॉल बरोबर किचनमध्ये (नेटलगतचा पट्टा, जिथे उभं राहून बॉल हवेतच मारता येत नाही) पडतो. पॅडल आवळून नाही, हलकं धरायचं, एवढ्यानेच माझा बॉल उंच उडायचा थांबला!! थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्ह आणि रिटर्ननंतरचा तिसरा शॉट, हळूच किचनमध्ये टाकायचा) अजून दहातले चारच बसतात पण तो का मारायचा ते कळलं, दोन बाऊन्सच्या नियमामुळे (सर्व्ह आणि त्याचा रिटर्न, दोन्हींचा एकेक टप्पा पडू द्यायचा) सर्व्ह करणारी टीम मागे अडकते आणि ड्रॉप नीट पडला की नेटपासून ७ फुटांवरच्या किचन लाइनपर्यंत यायला वेळ मिळतो. सर्व्हिसला मात्र जेमतेम अर्धा तास दिला, ते खटकलं, आणि एका कोर्टवर आठ जण म्हणजे जास्तच झाले. तरी नवीन शिकणाऱ्यांनी नक्की करा, फक्त बॅच किती जणांची आहे ते आधी विचारून घ्या.