रोज ऑफिसला डिझेल: जुनी बीएस-४ की नवी बीएस-६?

कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. दीड वर्ष या रस्त्यावर मी दोन डिझेल गाड्या आलटून-पालटून चालवल्या. एक घरची जुनी बीएस-४ फियाट पुंटो, रांजणगावला बनलेल्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनची. दुसरी बीएस-६ एसयूव्ही. (बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचे सरकारी नियम; आकडा मोठा तेवढे ते कडक.) पिकअप, मायलेज, फीचर्स यात शिरत नाही. रोज सांभाळायला कोणती सोपी, एवढंच सांगतो.

बीएस-६ स्वच्छ आहे, यात वाद नाही. काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. ते काम डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेतला फिल्टर, करतो: काजळी अडवतो आणि भरत आला की जादा डिझेल घेऊन ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकतो. या जाळण्यालाच रीजन म्हणतात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात गाडी पळावी लागते. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हे कुठून जमणार?

माझ्या गाडीचं रीजन नेमकं घर जवळ आलं की सुरू व्हायचं. बंद केली तरी पंखा घोंघावत राहायचा, पार्किंगमध्ये तापलेल्या लोखंडाचा वास. दोन-तीनदा अर्धवट सुटलं की डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागायचा. मग रात्री नऊला चांदणी चौकात घराकडे न वळता खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं, मुद्दाम चौथ्या गिअरवर. एका रविवारी डिपस्टिक ओढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ, डिझेलचा वास मारणारं. अर्धवट रीजनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलं होतं. माझं मन तिथेच उडालं.

पुंटोचेही लाड करावे लागतात. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरतो, तो साफ करून घ्यायचा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं. ऑइल मी ८ हजारांनाच बदलतो, आणि हायवेवरून आल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवतो. पण हे सगळं माझ्या सवडीने होतं.

दर आठवड्याला लांबचा पल्ला असेल तर बीएस-६ बहुधा बरी पडेल. हायवेवर तिने मला कधीच त्रास दिला नाही. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलं लो-अ‍ॅशच, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणारंच, घाला. आणि कुणी ‘डीपीएफ काढूनच टाका’ म्हणालं तर कृपया ऐकू नका, ती काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जाते.

एसयूव्ही मी मेहुण्याला दिली. त्याची दर शनिवारी पुणे-कोल्हापूर फेरी असते. वर्षभरात तो दिवा एकदाही लागला नाही म्हणतो.