ऑनलाइन कोर्स नावापुरता, वर्कशॉप मात्र चुकवू नका

अमेरिकेत एमएस करता करता मी पहिल्या वर्षाच्या मुलांचं वसतिगृह सांभाळते. म्हणून विद्यापीठाची लैंगिक अत्याचार रोखण्याची दोन्ही प्रशिक्षणं मी केली. नव्या विद्यार्थ्यांना असं प्रशिक्षण देणं 2013 च्या कायद्याने इथल्या कॉलेजांना बंधनकारक आहे.

ऑनलाइन कोर्समध्ये व्हिडिओ, संमतीची व्याख्या आणि शेवटी प्रश्न. मुलं एका टॅबमध्ये तो चालू ठेवून दुसऱ्यात मॅच बघतात आणि पास होतात. माझा खरा राग वेगळाच आहे: अख्ख्या कोर्समध्ये फ्रॅटर्निटीचा (बोलीत फ्रॅट), म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या मुलांच्या क्लबचा, उल्लेखही नाही. 2007 च्या एका अभ्यासानुसार कॉलेजात येण्याआधी फ्रॅटमध्ये जाणारी आणि न जाणारी मुलं लैंगिक जबरदस्तीच्या बाबतीत सारखीच होती. पहिल्या वर्षात मात्र फ्रॅटमधल्या मुलांकडून लैंगिक जबरदस्तीचं प्रमाण इतरांच्या तिप्पट निघालं. म्हणजे मधल्या काळात त्या घरात काहीतरी घडतं. ते सोडून बोलायचं तरी काय?

वर्कशॉप तिथूनच सुरू होतं. ते घेणारा मुलगा स्वतः फ्रॅटमध्ये होता. त्याने फळ्यावर घराचा नकाशा काढला: दार, दारूचं टेबल, जिना, वरच्या खोल्या. दारावर कोणाला आत घ्यायचं हे कोण ठरवतं? ग्लासात काय ओतायचं, ते कोण ठरवतं? सगळं तीच मुलं. सोरोरिटींच्या, म्हणजे मुलींच्या अशाच क्लबांच्या, घरांत त्यांच्या राष्ट्रीय संघटना दारू चालू देत नाहीत, त्यामुळे पार्टी मुलांच्याच घरी, मुली कायम पाहुण्या. सगळी फ्रॅट्स सारखी नसतात हेही त्याने सांगितलं. 1996 च्या एका अभ्यासात धोक्याच्या घरांमध्ये बोलणं ऐकू येणार नाही इतकं मोठं संगीत आणि मुलींसाठीची घाणेरडी बाथरूम दिसली होती. बऱ्या घरांत मुलंमुली निवांत गप्पा मारत होती. इतकी साधी खूण मुलींना आधी कोणी का सांगत नाही?

मग सराव. शुद्ध हरपलेल्या मुलीला कोणी वर नेतंय, तुम्ही काय म्हणाल? एक मुलगा म्हणाला, "नेणारा सीनियर असेल तर? मी प्लेज आहे, अजून पक्का सदस्य नाही, मला काढून टाकतील." त्यावर गुळमुळीत उत्तर न देता वर्कशॉप घेणाऱ्याने बराच वेळ दिला. थेट भिडता येत नसेल तर "हिच्या मैत्रिणी खाली शोधतायत" म्हणत मध्ये शिरायचं, एकटं न जाता दुसऱ्याला सोबत घ्यायचं, आणि पार्टीत न पिता लक्ष ठेवायचं काम प्लेजवर न ढकलता सीनियरनेच घ्यायचं, हे मुलांनीच बोलून ठरवलं.

उणीव एकच, पण मोठी. वर्कशॉप ऐच्छिक आहे आणि ऑक्टोबरमध्ये होतं. इथे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं, आणि तेव्हापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंतचा काळ मुलींसाठी सगळ्यात धोक्याचा मानतात. पाचपैकी चार गुण, आणि विद्यापीठाकडे मागणी: हे ऑगस्टमध्ये घ्या आणि त्याशिवाय कोणालाही रशमध्ये, म्हणजे फ्रॅटच्या नव्या सदस्यांच्या निवडीत, उतरू देऊ नका.