चुना वरच राहतो, जिप्सम खाली उतरतं: खानापूरच्या तांबड्या मातीत दहा महिन्यांनंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडची तांबडी जमीन पावसानं क्षार धुऊन नेल्यानं आंबट झालेली. सामू (पीएच, जितका कमी तितकी जमीन आंबट) साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळं खुंटतात. एप्रिलात गुंठ्याला २० किलो शेतीचा चुना (दळलेली चुनखडी) नि १० किलो जिप्सम, म्हणजे एकरी ८ आणि ४ क्विंटल दिलं; तुलनेला एका पट्ट्यात नुसता चुना. त्यावर एक पावसाळा आणि भुईमूग निघाला.

चुना पडेल तिथंच काम करतो. वरची वीतभर माती सुधारली, फुटाखाली सामू हललेला नाही. नुसता फेकून कुळव मारला त्या पट्ट्यात पांढरे खडे अजून सापडतात. अर्धा चुना नांगरटीआधी आणि अर्धा नंतर देऊन आडवा-उभा कुळव मारणं हेच खरं. पूड पिठासारखी हवी. भरड चुना विरघळायला वर्षं घेतो. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. चुना फसफसतो, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) सावकाश फसफसतं, जिप्सम अजिबात नाही.

खालच्या थरासाठी मात्र जिप्समच. ते पावसाच्या पाण्याबरोबर उतरतं. सामू वाढवत नाही, पण त्यातलं कॅल्शियम आणि सल्फेट अ‍ॅल्युमिनियमची बाधा कमी करतात. अथणी-रायबागकडे चोपण जमिनीला देतात ते सोडियम हटवायला. त्यावरून 'आंबट जमिनीला जिप्सम नको' असं समजणं चुकीचं आहे. दीड फूट खड्डा घेतला की फरक डोळ्यांना दिसतो: नुसत्या चुन्याच्या पट्ट्यात मुळं वीतभर जाऊन आडवी वळलेली, टोकं जाड नि तपकिरी, जिप्समच्या पट्ट्यात पांढरी तंतुमुळं सरळ खाली.

तोटेही आहेत. हलक्या जमिनीत जिप्सम मॅग्नेशियम आणि पालाश ओढून नेतं. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर अर्ध्या चुन्याच्या जागी डोलोमाइट द्या. चुना आणि युरिया एकत्र पडले की अमोनिया उडून जातो, तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. चुना जास्त झाला तर जस्त आणि बोरॉन अडकतं. बटाट्याच्या तुकड्यात हात राखून टाका, सामू चढला की सालीवर खपल्या धरतात. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) चुन्याला पर्याय समजू नका. आपल्याकडचे बहुतेक कारखाने सल्फिटेशनचे (गंधकाच्या धुरानं रस साफ करणारे), त्या मळीत चुनखडी फारशी नसते.

माती तपासायला देताना ० ते ६ आणि ६ ते १८ इंच अशा दोन वेगळ्या पिशव्या द्या. एकच वरचा नमुना दिला तर अहवाल चांगला येतो आणि खालचा आंबटपणा कळतच नाही.