ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप: व्हिडिओ शूटिंग शिकायचंय तर आधी हे टाका फोनमध्ये

आठ महिने वापरतोय, म्हणून आता लिहितो. ॲप पूर्ण फुकट आहे. डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनी आहे ना, त्यांचंच. आयफोनवर २०२३ मध्ये आलं, अँड्रॉइडवर २०२४ मध्ये.

मी का टाकलं ते सांगतो. मावसबहिणीच्या हळदीचं शूटिंग फोनच्या साध्या कॅमेऱ्याने केलं होतं, घरी येऊन बघतो तर पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, हळदीने माखलेली बहीण, सगळं फिकट राखाडी. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाप्रमाणे फोन आपोआप रंग जुळवतो ते) एवढा पिवळा दिसला की त्याने तो बल्बचा रंग समजून काढूनच टाकला. त्यात मावशी मांडवातून स्वयंपाकघरात गेली की एकाच शॉटमध्ये तिच्या साडीचा रंग बदलायचा. असा दिवस परत येत नाही, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

या ॲपमध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड आत येतो), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील), व्हाइट बॅलन्स, टिंट (रंगातली हिरवी-गुलाबी झाक) हे सगळे आकडे स्क्रीनवर समोरच असतात, ज्याच्यावर बोट ठेवाल तो आपल्या हाताने बदलायचा. व्हाइट बॅलन्स केल्विनमध्ये मोजतात, उन्हात ५६०० केल्विन आणि पिवळ्या बल्बखाली ३२००, एवढं धरून चाललात तरी सुरुवातीला भागतं. पुढच्या हळदीला मी ५६०० वर लॉक केलं आणि मांडव पिवळाधमक आला, मावशी तर तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होती.

शटर समजायला मात्र वेळ लागला. साधा हिशोब असा की शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं, म्हणजे २५ फ्रेमला १/५० सेकंद, त्यालाच १८० डिग्री शटर अँगल म्हणतात. आता आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण फोन सहसा ३० फ्रेमवर असतो आणि शटर १/६० ला गेलं की भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. २५ फ्रेम आणि १/५० केलं की पट्टे गायब. २४ फ्रेमच हवी असेल तर शटर अँगल १७२.८ ठेवा, तेही १/५०च होतं. एवढी एक गोष्ट कळली तरी हॉलमधले निम्मे व्हिडिओ सुधारतात.

खरी परीक्षा दुपारच्या उन्हात. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) फिक्स असतं, त्यामुळे आयएसओ अगदी तळाला नेलं तरी १/५० वर सगळं पांढरंफटक होतं. गावच्या यात्रेत मी शटरचा वेग वाढवून उजेड कमी केला, तर लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात झटके मारल्यासारखे तुटक दिसायला लागले, हालचालीतला तो गुळगुळीतपणाच गेला. तेव्हा कळलं लोक एनडी फिल्टर का लावतात. लेन्सला गॉगल घातल्यासारखंच ते, उजेड कमी होतो आणि शटर १/५० वर राहतं. फिल्टर नसेल तर सावली शोधा.

झेब्रा चालू ठेवाच, जास्त उजेड झालेल्या जागी तो स्क्रीनवर तिरक्या रेघा दाखवतो. म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर, धोतरावर रेघा दिसल्या की तिथलं डिटेल चाललंय, लगेच आयएसओ खाली. फोकस पीकिंगपण आहे (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं), फॉल्स कलर पण आहे (उजेड रंगांत दाखवतं), पण ते नंतर बघितलं तरी चालेल.

बाकी हात स्थिर ठेवणं, पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) सावकाश करणं, दोघं बोलत असतील तर त्यांना जोडणारी काल्पनिक रेघ ओलांडून पलीकडून शॉट न घेणं, हे कुठलंच ॲप शिकवणार नाही. प्रत्येक शॉट निदान १० सेकंद धरा, एडिटला बसल्यावर समजेल मी का सांगतोय. आवाजासाठी कॉलर माइक वेगळा घ्या.

आयफोन प्रोवाल्यांनी उगाच प्रोरेस (एडिटिंगसाठीचा मोठ्या फाइलचा फॉरमॅट) चालू करू नका, ४के ला मिनिटाला ६ जीबीच्या आसपास जातात, एच.२६५ (फाइल लहान ठेवणारा फॉरमॅट) भरपूर झालं शिकायला.

मोठा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर आधी तीन महिने यावर काढा, तिथेपण हेच आकडे असतात, फक्त आयरिस, म्हणजे ॲपर्चर, फिरवायला मिळते. अँड्रॉइडवाल्यांनो, सगळ्या फोनवर चालत नाही हे, आधी तुमचं मॉडेल चालतं का ते बघा. माझ्याकडून पाचपैकी पाच.