लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज: वॉर्डात वापरायला कशी आहे?

१ मिलीची, ४० युनिटची, सुई जोडलेलीच येणारी ही सिरिंज नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी नीट ओळखावी. एक बारीक रेघ म्हणजे एक युनिट, त्यामुळे वाचायला सोपी. सुई घट्ट बसवलेली असल्याने टोकाशी औषध अडकून वाया जात नाही. ५-६ युनिटच्या डोसला याचा फार उपयोग होतो.

मात्र ती फक्त ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायलसाठीच (इन्सुलिनच्या छोट्या बाटलीसाठीच) आहे. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये (पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीत) १०० युनिट प्रति मिली असतं. त्यातून या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं की आत जातात ५० युनिट! पेशंटची साखर धाडकन उतरते. उलट, नारिंगी टोपीच्या १०० युनिटच्या सिरिंजमध्ये ४० चं इन्सुलिन २० पर्यंत भरलं तर मिळतात जेमतेम ८. म्हणून टोपीच्या रंगावर विसंबू नका. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या.

दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये मिक्स करायची असतील तर आधी स्वच्छ रेग्युलर (लवकर काम करणारं), मग दुधाळ एनपीएच (जास्त वेळ काम करणारं). दुधाळ व्हायल तळहातांत घोळवायची, जोरात हलवायची नाही. फेस झाला की डोस चुकतो.

काही कंपन्यांच्या दहाच्या पाकिटात प्रत्येक सिरिंजला वेगळं वेष्टन नसतं. वॉर्डासाठी ही मोठी उणीव आहे. तिथे एकेरी पॅकच मागवावा.