एका रात्रीत आलेला पाणी तपासणी अहवाल: टँकर घेणाऱ्या सोसायट्यांनी जरूर वाचा

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरत नाही. उन्हाळ्यात बराचसा भार टँकरवर असतो. खालच्या टाकीत पाणी पडलं की ते शुद्ध ठेवून घरोघरी पोचवायची जबाबदारी कमिटीची. हे नेमकं हेरून काही लोक सोसायट्यांमधून फिरत आहेत. आमच्याकडून त्यांनी ६८ हजार रुपये नेले.

२०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिलेन-बारे सिंड्रोम या आजाराचे, रुग्ण सापडले. पुणे परिसरात संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला आणि महापालिकेने या भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं. तेव्हापासून इथे पाण्याचं नाव काढलं तरी आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्या भीतीवरच या लोकांचा धंदा चालतो.

आलेला माणूस गळ्यात ओळखपत्र घालून, हातात फाईल घेऊन आला. ‘आरोग्य खात्याच्या पॅनेलवरची एजन्सी’ अशी ओळख त्याने करून दिली. वॉचमनच्या केबिनमध्ये दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवून वीज सोडली. आमचं पाणी बघता बघता गढूळ तपकिरी झालं, त्याचं स्वच्छच राहिलं. जमलेल्या बायका घाबरल्या. लगेच टाकी सफाई, क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप आणि ‘सरकारमान्य’ तपासणी अहवाल असं पॅकेज ठरलं. पैसे त्याने एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयवर घेतले.

सफाई झाली, पंप बसला. संध्याकाळी त्याने मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरून स्कूटरच्या डिकीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल हजर. कोलिफॉर्म नाही, ई-कोलाय नाही (पाण्यात मैला मिसळल्याची खूण देणारे हे जंतू), उर्वरित क्लोरीन, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरला ०.५ मिलिग्रॅम. आम्ही तो नोटीस बोर्डवर लावला.

सी विंगमधल्या काकू प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. काही आठवड्यांनी गावाहून परतल्यावर बोर्डापुढे थांबून त्यांनी मला हाक मारली.

‘अरे, नमुना कधी घेतला?’

‘आदल्या दिवशी संध्याकाळी, काकू.’

‘मग हा कागद खोटा आहे. जंतू वाढायला वेळ लागतो, तो कुणाच्या घाईने कमी होत नाही.’

सगळ्यात लवकर होणाऱ्या चाचणीलाही १८ ते २४ तास लागतात. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या एमपीएन या जंतू मोजायच्या पद्धतीत ‘कोलिफॉर्म नाही’ असं लिहायला ४८ तास थांबावं लागतं. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा असतो. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तिथेच निष्प्रभ होतो आणि वाटेत जंतू मारत नाही. नमुना बर्फाच्या पेटीतून न्यायचा. उर्वरित क्लोरीन तर प्रवासात घटत जातो, म्हणून तो नळापाशी उभं राहूनच मोजावा लागतो. अहवालावर ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं तिथे आम्ही फोन केला. त्यांनी हा अहवाल दिलेलाच नव्हता. कागदावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह होतं, पण प्रत्येक अहवालाला मिळणारा यूएलआर क्रमांक नव्हता.

काकूंनी तो ग्लासचा खेळही करून दाखवला. शेजारच्या एकांच्या मुलाकडे तसलंच यंत्र होतं. घरच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि कांड्या बुडवल्या, तर तेही तसंच तपकिरी झालं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तो गंजाचा रंग दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून ते साफ राहतं. जंतूंचा याच्याशी काडीचा संबंध नाही. टीडीएस मीटरचंही तेच. तो क्षार मोजतो. टीडीएस ८० असलेल्या पाण्यातही मैला मिसळलेला असू शकतो.

मला सर्वांत जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. काकूंनी पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचं द्रावण आणलं आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, टाकीपासून लांबच्या नळाचं पाणी घेतलं. थेंब टाकल्यावर पिवळा रंग यायला हवा होता, आलाच नाही. डोसिंग पंपाच्या कॅनमधलं क्लोरीनचं द्रावण नुसतंच पाणी निघालं. इतके आठवडे बोर्डावरच्या त्या कागदावर विसंबून लहान बाळांच्या घरांतही टँकरचं पाणी क्लोरीनशिवाय गेलं.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाशी उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. त्यासाठी पॅकेज लागत नाही. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. दहा हजार लिटरला दोन मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर ६० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतो, डोस वाढवावा लागतो. पोतं उघडं ठेवलं तर पावडरीचा जोर उतरतो. गावोगावचे जलसुरक्षक हेच करत आले आहेत. आता आमचा वॉचमन रोज सकाळी वरच्या नळाची टेस्ट करून वहीत लिहितो, आणि टँकर रिकामा होण्याआधी त्यातलं पाणीही तपासतो. जंतूंची तपासणी हवी असेल तर पुण्यातच राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. बाटली तिथूनच मागून घ्या.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली. यूपीआय व्यवहार असल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवलं. पैसे गेल्याचं लक्षात येताच तिथे फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. तो माणूस धायरीच्या बाजूला तीच फाईल घेऊन फिरताना दिसल्याचं ऐकतो आहे. तुमच्याकडे आला तर ओळखपत्राचा फोटो काढा, एजन्सीच्या नावाने जीएसटीचं बिल मागा. पॅकेज आधीच घेतलं असेल तर कॅनमधलं द्रावण ओतून टाकू नका, अहवालाची मूळ प्रत जपून ठेवा. तक्रारीत या दोन्हींचा पुरावा लागतो.